सात नंबरची रेघ

देशात माणशी सोयाबीन किती खाल्लं जातं, हा आकडा काढायची आमची जुनी पद्धत मोठी गमतीची होती. पिकलं किती आणि बाहेरून आलं किती, ते मिळवायचं. बियाण्याला किती ठेवलं, तेलाला किती गेलं, कोंबड्यांना किती, परदेशी किती, ते वजा करायचं. उरलं ते लोकांनी खाल्लं असं धरून लोकसंख्येनं भागायचं, की झाला माणशी पुरवठा. खरंच खाल्लं का, हे कुणी कुणाला विचारलेलं नसायचं. पंगत उठल्यावर पातेल्यात काय उरलंय ते बघून कोण किती जेवलं ते सांगण्यातला प्रकार. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच बैठकीत हे बोलून बसले. पुढे बरेच दिवस मला कुणी बैठकीला बोलावलं नाही.

मी महानंदा बोळेगावे. पुण्याच्या अन्नमापन केंद्रात आहे, मूळची लातूरची. लातूरचं माणूस सोयाबीनवर बोलायला लागलं की थांबत नाही, तेव्हा आधीच माफी मागते.

आमच्याकडे शिवारच्या शिवार सोयाबीनचं, पण ताटात शोधून सापडायचं नाही. तेल गाळायचं आणि पेंड बोटीत भरून पाठवायची. परदेशातल्या कोंबड्या आमच्या सोयाबीनवर गुटगुटीत झाल्या आणि आमची पोरं तुरीच्या पातळ वरणावर वाढली. घरात सोयाबीन आलंच तर वड्यांच्या भाजीतून, नाहीतर गव्हाच्या दळणात मूठभर टाकलेलं. ती मूठ जरा मोठी झाली की जेवणारे पोळी नाकाशी धरून बसायचे. मग लागोपाठ काही वर्षं तुरीचं पीक बुडालं. डाळ सणावारी खायची चीज झाली आणि सरकारला सोयाबीनची आठवण आली. कमी वासाचं वाण निघालं, सत्तरीपुढच्यांना दर पंधरवड्याला घरपोच सोयापीठ सुरू झालं. माणशी पुरवठ्याची रेघ वर्षानुवर्षं जमिनीला चिकटून होती, ती चढायला लागली. आमचे वरिष्ठ तो आलेख बारशातल्या पेढ्यासारखा सगळ्यांना वाटत फिरायचे.

मी म्हटलं, पुरवठा चढला म्हणजे पोटात गेलं असं नाही. घराघरांत पिठाच्या पिशव्या पडून असतील. मग मोजा की, म्हणाले. आम्ही मोजलं.

मोजायची युक्ती सोयाबीनमध्येच होती. त्यात डेडझीन नावाचा एक पदार्थ असतो. सोयाबीन खाल्लं की तो काही तासांत लघवीतून बाहेर पडतो. आपल्या रोजच्या जेवणातल्या दुसऱ्या कशात तो इतका नसतो, त्यामुळे सांडपाण्यात तो सापडला की समजायचं, इथं कुणीतरी सोयाबीन खाल्लंय. आम्ही बोटाच्या पेराएवढा एक संवेदक केला आणि तो घराच्या सांडपाण्याच्या नळीत बसवला. आधी शहराच्या मोठ्या गटारात, मग वॉर्डात, मग शिधा मिळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरोघरी. कागदोपत्री त्याला मोठं भारदस्त नाव होतं. लोकांनी नाव ठेवलं चुगली. ‘चुगली बसवायला आलेत’ म्हणायचे.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. काही लोकांच्या आतड्यातले जिवाणू ह्या डेडझीनचं आणखी एक रसायन करतात. त्याला इक्वॉल म्हणतात. हे सगळ्यांना जमत नाही. निम्म्याहून जास्त माणसांनी पोतंभर सोयाबीन खाल्लं तरी त्यांच्या पोटात इक्वॉलचा थेंब होत नाही, कारण ते जिवाणूच त्यांच्याकडे नसतात. आणि ज्यांच्याकडे असतात त्यांच्यात ते किती होतं, किती वेळानं होतं, सोबत दुसरं काय होतं, ह्याचं प्रमाण ज्याचं त्याचं. आमच्या पडद्यावर ते एका वळणदार रेघेसारखं दिसायचं. माणसाच्या अक्षराला वळण असतं, तसंच.

माझे वडील अप्पा, शिवलिंगप्पा बोळेगावे, लातूरला एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर सात नंबरमध्ये एकटे राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी इकडे एकटी. लग्न केलं होतं, टिकलं नाही, त्यावर आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. पुण्याला या म्हणून मी अप्पांच्या फार मागे लागले होते. ते दरवेळी ‘बघू’ म्हणायचे. अप्पांचं ‘बघू’ म्हणजे नाही.

तेव्हा चुगलीचा मला आधार वाटला. जवळच्या नातेवाइकाला घराची रेघ बघायची परवानगी असते. रोज सकाळी केंद्रात पोचले की चहाच्या आधी मी सात नंबर उघडायची. रेघ असायची. ठणठणीत, वळणदार, इक्वॉलसकट. अप्पा जेवले. झालं. आधी मी त्यांना एक दिवसाआड फोन करायची, तो रविवारवर गेला, मग महिन्यावर. रेघ समोर असताना फोनवर विचारायचं तरी काय? ते मितभाषी, मी तुसडी. माझ्या बापाच्या पोटात इक्वॉल होतं, ह्याचा मला उगाच अभिमानही होता. एकदा परिषदेत त्यांची रेघ नाव न सांगता दाखवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी रेघ नव्हती. संवेदक बिघडला असेल म्हणून तपासला, तो ठीक होता. पाणी वाहत होतं, माणूस घरात होता, सोयाबीन नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ह्याच्यावर एक नियम आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याची रेघ आठवडाभर आली नाही तर वृद्ध पोषण कक्षाचा माणूस घरी येतो. मुदत देतो. तेवढ्यात रेघ परत आली तर ठीक, नाहीतर त्या माणसाला जवळच्या नातेवाइकाकडे हलवायचं आणि नातेवाईक नसेल तर निगा केंद्रात. जवळची नातेवाईक मी. खरं सांगते, काळजी वाटलीच, पण तिच्या खालून एक आनंद वर येत होता. अप्पा येणार. मी पुढच्या खोलीतलं सामान हलवलं, पलंग आणला, मच्छरदाणीसुद्धा आणली. मग रजा टाकली आणि लातूरला गेले.

अप्पांनी दार उघडलं. उतरले होते, पण उपाशी माणसासारखे दिसत नव्हते.

“कशाला आलीस? काय झालंय मला?”

मी म्हटलं, तुम्ही जेवत नाही. खायलो की, म्हणाले. भात खायलो, ताक खायलो. स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तर कुकरला भात होता आणि कोपऱ्यात सोयापिठाच्या दोन पिशव्या, न फोडलेल्या. कक्षाचे साहेब आदल्या दिवशीच मुदत देऊन गेले होते. अप्पांना मी नियम समजावला. ते ऐकून घेत होते आणि उघड्या दारातून समोरच्या आठ नंबरकडे बघत होते. तिथं कुलूप होतं.

पुण्याला चला, म्हटलं. नाही म्हणाले. ह्या वेळी ‘बघू’सुद्धा म्हणाले नाहीत. मला राग आला. मी पिशवी फोडली, पीठ मळलं, पोळ्या केल्या आणि त्यांच्यासमोर बसले. येत नसाल तर हे खावं लागेल, म्हटलं, दुसरा इलाज नाही. अप्पांनी आयुष्यभर सोयाबीनच्या तेल कारखान्यात बॉयलर सांभाळला. तो वास त्यांच्या कपड्यांना असा बसलेला असायचा की आई त्यांना अंगणात आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. नवं वाण कमी वासाचं आहे म्हणतात. ते ज्यांना वास येत नाही त्यांच्यासाठी. अप्पांनी पोळीचा तुकडा पाण्याबरोबर औषधासारखा गिळला. मला वाटलं, चार वर्षं खाल्लंत आणि आता कसली नाटकं करता?

तीन दिवस मी त्यांना खायला घातलं. रेघ परत आली. मी लातूरच्या त्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले होते आणि बघतच राहिले. डेडझीन होतं, पाहिजे तेवढं होतं. इक्वॉल नव्हतं. थेंबभरही नाही.

आधी मी सवयीनं कारणं शोधली. जिवाणू औषधानं मरतात, म्हणून विचारलं, मध्यंतरी काही गोळ्या घेतल्या का? नाही. ताप, जुलाब? काहीच नाही. मग त्यांना जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

“अप्पा, ह्याच्याआधी हे पीठ कोण खायचं?”

 त्यांनी हातानं समोरच्या कुलपाकडे दाखवलं.

“प्रयागबाई खायच्या. मला भाकर करून घालायच्या आणि हे स्वतः खायच्या. तुमच्या लेकीनं सोय केलीय, टाकू नये म्हणायच्या.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ नंबरात प्रयागबाई राहायच्या, एकट्या, अप्पांहून थोड्या लहान. त्या बाजूच्या नळाला कित्येक वर्षं पाणी नाही. अप्पांच्या बाजूला बोअर आहे. आधी त्या कळशी भरून न्यायच्या. मग गुडघे दुखायला लागले तेव्हा अप्पा म्हणाले, कळशी कशाला वाहता, इथंच आंघोळ करत जा. मग धुणं. मग पाणी इथं आहे तर स्वयंपाकही इथंच. झोपायला तेवढ्या आपल्या घरी जायच्या. आणि माझ्या पडद्यावर आठ नंबर काय होतं? ‘बंद घर’. ज्या नळीतून पाणी वाहत नाही ते घर बंद धरायचं, हा नियम मी केलेला. पाण्याच्या टँकरमागं घागर घेऊन पळत मोठी झालेली लातूरची पोर, आणि तिला एवढं सुचलं नाही की इथं बिनपाण्याच्या घरातही माणूस राहतं आणि शेजाऱ्याच्या मोरीत जातं.

म्हणजे रोज सकाळी मी जिचं जेवण बघून चहाला जायची ती ही बाई होती. चार वर्षं. तिचं नावही मला माहीत नव्हतं. माझा बाप इतकी वर्षं कुणाबरोबर तरी हसून बोलून जेवत होता हेही माहीत नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि लाज वाटेल इतका मत्सरही वाटला. मी एकटी होते तसे तेही एकटे असतील असं मी धरून चालले होते.

कुठं गेल्या, विचारलं. पोरानं नेलं नांदेडला, म्हणाले. इमारतीतल्या कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं, ह्या वयात हे काय चालवलंय म्हणून. तो आला, तासाभरात सामान बांधलं, आईचा फोन स्वतःच्या खिशात घातला. अप्पा दारात उभे होते. त्याच्याशी बोलावं असं त्यांना वाटलं, पण आपण बोललो तर त्याचा राग तिच्यावर निघेल म्हणून गप्प राहिले.

“परत येते म्हणाल्या. मी पुण्याला आलो तर त्यांना पाणी कोण देईल?”

मला काहीच करायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहून पुण्याला परत गेले असते तरी पुरलं असतं. अप्पांना ते पीठ गिळवत नव्हतं, मी उठले की त्यांनी ते सोडलं असतं, मुदत संपली असती आणि कक्षानं त्यांना आणून माझ्या पुढच्या खोलीत सोडलं असतं. पलंग तयार होता. त्याऐवजी मी कक्षाच्या साहेबांना भेटले. हा माणूस सोयाबीन खात नाही पण जेवतो, एवढं लिहून घ्या म्हटलं. ते भले गृहस्थ होते, पण रेघ नाही म्हणजे जेवण नाही, दुसरी सोय नाही म्हणाले. ती सोय न ठेवणारीही मीच. मग अप्पांना एक युक्ती दाखवली. रोज अर्धी पोळी, तिखट ठेच्याबरोबर, नाक धरून. शाळेतल्या हजेरीसारखं. जमंल, म्हणाले. तिची वाट बघायला मिळणार असेल तर ते बॉयलरही गिळतील, हे मला त्या दिवशी कळलं.

पुण्याला आल्यावर मी एक गुन्हा केला. कुणाची रेघ घेऊन ती व्यक्ती कुठं आहे ते शोधायला सक्त मनाई आहे. नोकरी जाते आणि जायलाच हवी. मी प्रयागबाईंचं वळण घेतलं आणि नांदेडच्या घरांवर टाकलं. ते सापडलं. एका चार माणसांच्या घरात, दुसऱ्यांच्या रेघांत मिसळलेलं, पण तेच. अक्षर ओळखावं तसं मी ते ओळखलं. केबिनमध्ये एकटीच होते आणि मला रडू आलं.

मी अप्पांना फोन लावला.

“त्या जेवतायत,” म्हटलं.

कसं कळलं, ते त्यांनी विचारलं नाही. नुसतं “बरं” म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपणहून फोन केला. जेवली का? जेवल्या. बरं. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. आधी एवढंच बोलणं व्हायचं. मग ते एखादं वाक्य जास्त बोलायला लागले. बोअरचं पाणी खाली गेलंय. ठेचा तिखट झाला. प्रयागबाईंना ज्वारीच्या भाकरीला तीळ लावायची खोड होती. मग मीही बोलायला लागले, केंद्रातल्या कटकटी, वरच्या मजल्यावरच्यांचं पोहायला शिकणारं पोर, काहीही. पावसाळा गेला, दिवाळी झाली. इतक्या वर्षांत आम्ही बापलेक जेवढं बोललो नव्हतो तेवढं बोललो, आणि सगळं त्या बाईच्या जेवणावर. त्या फोनसाठी मी लवकर उठायला लागले, रेघही घरीच लॅपटॉपवर बघायला लागले. घरात सकाळी सकाळी माझा आवाज ऐकू यायला लागला तर मलाच चमत्कारिक वाटायचं.

थंडीत रेघ बारीक होत गेली. म्हाताऱ्या माणसाचं जेवण थंडीत कमी होतं, मी स्वतःला समजावलं. मग इक्वॉल गेलं. औषधं चालू असतील, मी म्हटलं, जिवाणू मेले असतील, परत येतील. डेडझीन थोडं होतं, तोवर मी अप्पांना ‘जेवल्या’ म्हणत होते आणि ते खोटं नव्हतं.

एका सकाळी ते वळण नव्हतं. त्या घरातल्या बाकीच्यांच्या रेघा होत्या. त्या सुतकातल्यासारख्या जेमतेम होत्या, पण होत्या. मी नांदेड शोधलं. मग हैदराबादपर्यंत, नागपूरपर्यंत, जिथं जिथं आमची चुगली होती तिथं सगळीकडे ते वळण टाकून बघितलं. कुठंच नव्हतं. कुणाला विचारणार? माझं तिच्याशी काय नातं?

फोन वाजला.

खरं सांगितलं असतं तर अप्पांना आता लातुरात थांबायला कारण नव्हतं. ते आले असते. मला हे त्या क्षणीही कळत होतं, एवढी मी साळसूद नाही. पलंग अजून तसाच होता, त्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवायची. आले असते, खिडकीशी बसले असते, आणि मी रोज सकाळी चहा करून दिला असता.

“जेवली का?” अप्पांनी विचारलं.

“जेवल्या,” मी म्हटलं.

 फोन कट झाला असं वाटलं. मग त्यांच्या श्वासाचा आवाज आला, खूप लांबून चालत आलेल्या माणसासारखा. मी आणखी काहीतरी बोलायला गेले, रेघ चांगली आहे वगैरे, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“नंदा,” ते म्हणाले, “राहू दे आता. उद्यापासून तिचं नको सांगूस.”

मी लॅपटॉप मिटला.

“तुझं सांगत जा. तू काय खाल्लंस?”

एका सकाळी दोनदा खोटं बोलायला मला जमलं नाही. काल दुपारपासून काहीच नाही, म्हटलं. ते म्हणाले, मग ऊठ, काहीतरी कर, मी फोन धरतो. मी उठले, कांदा चिरायला घेतला, आणि पोहे होईपर्यंत ते तिकडे काही न बोलता फोन धरून बसले होते.